आलोच

"पण अक्का, एका पत्त्यावर माणसाचं भागतं कसं?"

"मी एकटीच राहते."

"राहण्याचं नाही हो. ई-मेलचं विचारतोय."

"मी पण त्याचंच सांगतेय."

जयदीप धुमाळ हसला. हसणारच की! पुण्यात बड्या कंपनीत प्रोग्रामर, हाताखाली पंधरा-वीस पोरं, आणि स्वतःचे ई-मेलचे पत्ते अकरा. अकरा! अहो, लोकांकडे चपलांचे एवढे जोड नसतात.

आधी यमुनाक्कांचं सांगायला हवं. चिंचमाळावरच्या मठाच्या मागच्या खोलीत त्या राहतात. मठाशी संबंध म्हणाल तर एवढाच, की भाडं वेळेवर देतात आणि आरतीला घंटा वाजवतात. सगळी नोकरी त्यांनी एका संस्थेत ई-मेलची ने-आण करणारी यंत्रं सांभाळण्यात काढली. मग सांगलीच्या एका कॉलेजात पोरांना शिकवलं. आता कुठं कुणाचा प्रोग्राम अडला, की ती पोरं म्हणतात, "मठात जाऊन येतो." म्हणजे देवाकडं नव्हे, अक्कांकडं.

अक्का बोलतात कमी. निम्म्या जणांना उत्तर मठाची टेकडी उतरताना सापडतं, आणि मग ते अर्ध्या वाटेतून परत चढून पाया पडायला येतात.

जयदीप त्यांचाच विद्यार्थी. त्याचा धाकटा भाऊ संग्राम, तोही त्यांचाच.

"तासगावला निघालास होय?" आल्या आल्या अक्कांनी विचारलं होतं.

"नाही. तुमच्याकडंच आलोय."

"सोमवारी आईचं वर्षश्राद्ध ना?"

"संग्राम करतोय. घर त्याच्याकडं आहे."

"मग?"

"मग काय? वर्षात एक शब्द बोललेला नाही तो. मला ये म्हणालेला नाही."

"आईच्या श्राद्धाला आमंत्रण लागतं?"

"आधी त्यानं बोलायचं. मी मोठा आहे, अक्का. मी का आधी?"

अक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बोलणं बंद पडलंय म्हण की."

"हो."

"बंद करून परत चालू करून बघितलंस?"

जयदीपला हसू आलं आणि रागही आला. यंत्र अडलं की सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तो. त्यानं स्वतः हजार जणांना विचारला असेल. भावाबद्दल कुणी विचारेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्यानं विषय बदलला. तो आला होता 'द्वारपाल' दाखवायला.

द्वारपाल म्हणजे त्यानं लिहिलेला प्रोग्राम. अकरा पत्त्यांच्या दारात उभा राहतो, येणाऱ्या प्रत्येक मेलचं तोंड बघतो, आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या खोलीत धाडतो. काहींना परस्पर उत्तरसुद्धा देतो. पुढच्या महिन्यात बंगळूरला मोठ्या मेळाव्यात जयदीप तो सगळ्यांना दाखवणार होता. त्याआधी अक्कांच्या तोंडून एक 'शाब्बास' ऐकायचं होतं. कॉलेजच्या चार वर्षांत ते काही ऐकायला मिळालं नव्हतं.

अक्कांनी फडताळातून खडू काढून दिला. मास्तरकी सुटली तरी खडू सुटत नाही.

जयदीप अंगणातल्या फरश्यांवर बसला आणि वर्तुळं काढू लागला. हा पत्ता ऑफिसचा. हा बँकेचा. हा खरेदीचा, आणि त्याच्या शेजारचा हा दुकानदारांना द्यायचा, म्हणजे त्यांच्या जाहिराती तिथंच सडतात. हा सोसायटीवाल्यांचा. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्या नातेवाइकांचा हा. एक पत्ता बाकीचे पत्ते नीट चालतात की नाही ते तपासायला.

"आणि हा?" अक्कांनी मधल्या एका वर्तुळावर बोट ठेवलं.

"हा कशासाठी काढला होता ते आता आठवत नाही."

"मग बंद का करत नाहीस?"

"केला होता. ऑफिस आणि बँक दोन्ही बंद पडलं."

"का?"

"कुणास ठाऊक! परत चालू केला, सगळं सुरळीत. तेव्हापासून मी त्याला हात लावत नाही."

अक्कांनी त्या वर्तुळाला नमस्कार केला. थट्टेनं केला की मनापासून, ते जयदीपला कळलं नाही.

"जेवायला ये. भाकरी टाकते," त्या म्हणाल्या.

"आलोच!"

तो काही आला नाही. वर्तुळाला वर्तुळ जोडत राहिला. इकडून तिकडं बाण, बाणावर अटी, अटीला अपवाद. सगळं अंगण पांढरं झालं. दर्शनाला आलेली एक म्हातारी रांगोळी समजून कडेकडेनं चालत गेली.

"जयदीप, निवतंय रे!"

"आलोच, अक्का! एवढा एक बाण…"

शेवटी अक्काच ताट झाकून बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

शाब्बास नव्हे, पण जवळपास तेच. जयदीपचा चेहरा खुलला. मग त्यानं मान खाजवली.

"एकच खोट आहे, अक्का. माझ्या घरी कपाटात जे यंत्र ठेवलंय, सगळे मेल जिथं साठतात, ते सारखं भरून जातंय. जागाच उरत नाही. साफ करतो, पुन्हा भरतं. सगळे पत्ते तपासले. कुठंच काही नाही."

"सगळे?"

"सगळे."

अक्का उठल्या. एकेक वर्तुळ बघत अंगणभर फिरल्या आणि तुळशीपाशी थांबल्या. तिथं कोपऱ्यात एक वर्तुळ होतं, इतरांहून लहान. त्याच्यात बाण जात होता, बाहेर एकही येत नव्हता.

"हे काय?"

"ते राहू द्या."

"अकरावं हेच ना?"

"आमच्यात शून्यापासून मोजतात, म्हणून दहावं म्हणा…" विनोद करायला गेला, पण आवाज साथ देईना. "तो घरचा पत्ता. त्याच्यावर दोघंच लिहायचे. आई आणि संग्राम. आता कोण लिहिणार?"

"उघडलास कधी?"

"नाही. वर्ष झालं."

"का?"

जयदीप खडू बोटांत फिरवत राहिला.

अक्कांनी पदर सावरला. त्या तिथंच, तुळशीच्या कठड्याला टेकून बसल्या. देवळात कुणीतरी घंटा वाजवली, तिचा आवाज विरून गेला…

"गेल्या वर्षी संध्याकाळी संग्रामचा फोन आला," जयदीप खाली बघत बोलू लागला. "म्हणाला, दादा, आईचं काही खरं नाही, निघ. मी म्हटलं, आलोच. खरंच निघणार होतो, अक्का. बॅग भरलेली होती. पण हातात एक चूक अडकली होती, प्रोग्राममधली. म्हटलं, एवढी काढतो आणि निघतो. ती काढली, तर तिच्यामागून दुसरी निघाली. तुम्हाला माहीत आहे कसं असतं ते."

"माहीत आहे."

"पोचलो तेव्हा सगळे घाटावरून परत येत होते."

अक्कांनी तुळशीतलं एक वाळकं पान काढलं.

"चारचौघांत, सगळ्या भावकीपुढं संग्राम म्हणाला, 'आलोच म्हणाला होतास ना, दादा?' बस, एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं मला. तेराव्याला न जेवता निघालो. तेव्हापासून हे असं आहे."

त्याचे डोळे भरून आले. खडू हातातच मोडला होता, तेही त्याला कळलं नव्हतं.

"उघड," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"अकरावा."

"त्यात काही नसणार, अक्का."

"मग भीती कसली?"

जयदीपनं पिशवीतून लॅपटॉप काढला. अक्कांची मेल बघायची स्वतःची एक रीत होती. दिवसातून एकदा हात धुऊन बसायचं, एक मेल उघडायचा, वाचायचा, त्याचं उत्तर लिहायचं, आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. जयदीप कॉलेजात असताना या रितीची नक्कल करून वर्गाला हसवायचा. आज अक्कांनी तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं हात धुतले.

पत्ता उघडला…

आणि उघडेचना! चक्र फिरतंय, फिरतंय. आत इतके मेल होते, की पडदा पांढरा पडून राहिला. मग एकदम भरला.

संग्रामकडून: निरोप मिळाला. आलोच.

जयदीपकडून: निरोप मिळाला. आलोच.

संग्रामकडून: निरोप मिळाला. आलोच.

जयदीपकडून: निरोप मिळाला. आलोच.

खाली सरकवलं, तरी तेच. आणखी खाली, तरी तेच. कालचे, परवाचे, दिवाळीतले, पाडव्याचे. दुसरा शब्दच नाही.

"अरे देवा!" जयदीप ओरडला.

"हे तुम्ही दोघांनी लिहिलंत?" अक्कांनी विचारलं.

"नाही हो! हा द्वारपाल. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, जेवायला या रे, आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढून एका सुरात म्हणायचो, आलोच. ती कावायची. म्हणून मी गमतीनं या पत्त्यावर तसं उत्तर लावून दिलं होतं. कुणाचाही मेल आला की द्वारपाल आपोआप म्हणणार, आलोच. संग्रामच्या यंत्रावरही मीच बसवून दिला होता. म्हणजे त्याचा द्वारपाल म्हणतो आलोच, ते मेल होऊन माझ्याकडं येतं. मेल आला म्हणून माझा द्वारपाल म्हणतो आलोच, ते त्याच्याकडं जातं. मिनिटाला एक!"

अक्का आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना कापरं भरलं. हसत होत्या हो! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"पहिल्या तासाला काय शिकवलं होतं रे मी तुम्हाला?"

"यंत्रानं दिलेल्या उत्तराला यंत्रानं उत्तर द्यायचं नाही."

"मग?"

"ती तपासणी घातली होती मी. मध्येमध्ये येत होती, म्हणून तात्पुरती काढली."

"तात्पुरती म्हणजे?"

"वर्ष उलटून गेलं."

आता जयदीपही हसू लागला. हसता हसता त्याच्यातला प्रोग्रामर जागा झाला. चूक सापडली! जागा कोण खात होतं ते कळलं!

"एक ओळ, अक्का. फक्त एक ओळ टाकली की थांबेल सगळं. बघा आता…"

त्यानं हात पुढं केला आणि अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. जरा बघू दे."

"काय बघायचंय त्यात?"

अक्कांनी पडद्याकडं बोट केलं.

दोघं बघत बसली. पडदा स्तब्ध होता. तुळशीवरची सावली सरकली… मग वर एक नवी ओळ आली. संग्रामकडून: निरोप मिळाला. आलोच.

परत शांतता. आणि मग त्याची स्वतःची ओळ, त्यानं न लिहिलेली. जयदीपकडून: निरोप मिळाला. आलोच.

जयदीपच्या अंगावर काटा आला. तो तिकडं ऑफिसात भावाला मनातल्या मनात शिव्या घालत होता, तेव्हा हे चाललं होतं. दिवाळीला एकट्यानं फराळ केला, तेव्हाही हेच. दर मिनिटाला एक भाऊ दुसऱ्याला सांगत होता, आलोच. आणि दोघांपैकी कुणाला पत्ता नव्हता.

"मध्ये हे काय?" अक्कांनी विचारलं. एका ठिकाणी ओळी तुटल्या होत्या. दोन दिवसांचं अंतर पडलं होतं आणि मग पुन्हा सुरू.

"लाइट गेली असेल तासगावात," जयदीप म्हणाला. मग तो पुढं झुकला. प्रत्येक मेलच्या पाठीवर पाठवणाऱ्या यंत्राचं नाव असतं, ते त्यानं उघडून बघितलं. त्या दोन दिवसांच्या अलीकडचं नाव वेगळं होतं, पलीकडचं वेगळं. त्यानं परत बघितलं. परत.

"अक्का…"

"हं."

"त्यानं यंत्र बदललंय. नवं घेतलंय. दोन महिनेच झाले."

"बरं मग?"

"द्वारपाल आपोआप जात नाही नव्या यंत्रावर. जुन्यावरून काढून हातानं बसवावा लागतो. अर्धा दिवस मोडतो त्यात. त्याला दुसरा घेता आला असता, माझ्याहून चांगले फुकट मिळतात. काहीच बसवलं नसतं तरी चाललं असतं. पण त्यानं माझाच…"

जयदीपनं बाहीनं डोळे पुसले.

"या 'आलोच'सकट?" अक्कांनी हळूच विचारलं.

जयदीपनं मान डोलावली.

अक्कांनी दोन्ही हात जोडले आणि पडद्याला नमस्कार केला. या वेळी थट्टा नव्हती. देवळात उभ्या राहतात तशाच बसल्या होत्या त्या, डोळे मिटून. जयदीपनंही हात जोडले. आपण कुणाला हात जोडतोय ते त्याला सांगता आलं नसतं, पण जोडले.

वर नवी ओळ आली.

आणखी दोन आल्या. मग जयदीप एकदम सावरून बसला.

"पण अक्का, हे आपोआप सुरू होत नाही. कुणीतरी पहिला मेल पाठवला असणार. खरा. हातानं लिहिलेला."

"असणार."

"त्यानं की मी? मला तर आठवत नाही. घाटावरून आल्यावर रात्री काहीतरी लिहून खोडल्याचं आठवतंय, पण पाठवलं नव्हतं बहुतेक… की पाठवलं?" तो भराभर खाली सरकवू लागला. "दर वेळी साफ करताना जुने मेल पुसले जातात. पहिला गेलेला दिसतोय. पण नोंदी असतील! कपाटातल्या यंत्रात खोल कुठंतरी नोंद असतेच. पुण्याला जातो आणि उकरून काढतो. आज-उद्यात कळेल आधी कुणी…"

अक्कांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. अलगद, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसं.

"अक्का, आधी कुणी बोललं तेवढंच तर बघायचंय!"

"पुसलं गेलंय ना?"

"हो, पण…"

"बरं झालं."

जयदीपनं त्यांच्याकडं बघितलं. बघत राहिला… वर्षभर छातीवर धोंडा घेऊन हिंडत होता तो माणूस. आधी त्यानं, आधी त्यानं, एवढंच घोकत. आणि आता आधी कोण, ते जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि ती एक ओळ?" त्यानं अगदी बारीक आवाजात विचारलं. "ती टाकली नाही तर यंत्र गुदमरेल, अक्का. दुसरे मेल येणं बंद होईल."

"होऊ दे."

"बँकेचे, ऑफिसचे…"

"तासगावला पोचलास की टाक."

तो उठला. अंगणभर काढलेल्या वर्तुळांवरून चालत खोलीपर्यंत आला, पिशवी खांद्याला लावली आणि परत घोटाळला. खिशातून फोन काढला.

"निदान दोन शब्द लिहितो त्याला. अचानक दारात उभा राहिलो तर कसं दिसेल? चुकलो म्हणू, की नुसतं येतोय म्हणू?" बोटं फोनवर नुसतीच फिरत होती. "सांगा ना, अक्का. काय लिहू?"

अक्का पायरी उतरून खाली गेल्या. कोपऱ्यात जयदीपच्या चपला होत्या, धुळीनं माखलेल्या. त्या वाकल्या आणि दोन्ही चपला स्वतःच्या हातांनी उचलल्या.

"अक्का! अहो, हे काय करताय!" जयदीप धावला. गुरूनं शिष्याच्या चपलांना हात लावायचा?

तोवर त्यांनी त्या आणून उंबऱ्याबाहेर ठेवल्या होत्या, तोंडं वाटेकडं करून.

"लिहायचं ते सगळं लिहून झालंय. घाल पायांत."